मागच्या उजव्या चाकातली हवा

रबराची ती वाटी... कोटाच्या बटणाएवढी, काळी, ब्रेक ऑइलने अजून बुळबुळीत... अंगठ्याच्या नखाने तिची कड चाचपत क्लेमेन्स स्टुलावर बसला होता, आणि कड अखंड होती, कुठे चीर नाही, कुठे खरखर नाही, मे महिन्यात त्याने स्वतःच्या हातांनी ब्रेकच्या सिलिंडरमध्ये बसवली तेव्हा होती तशीच — बोटांना अजून सगळं कळतं, रबर कुठे मऊ पडलंय, कुठे ताठ आहे, केसाएवढा चरा असला तरी नखाला तो सापडतो, बोटांबद्दल कुणाला काही म्हणायला जागा नाही...

"काय झालंय तिला?" गाडीखालून ॲडेलाने विचारलं.

"कड उठलीय," तो म्हणाला.

"एवढ्यात? नवीच बसवली ना आपण?"

"हल्लीचं रबर ते. पूर्वीसारखं राहिलंय काय?"

अमेरिकेतल्या केनोशा गावात त्यांच्या वयाच्या माणसांत हे वाक्य कशाबद्दलही म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय मिटतो. ॲडेलानेही नव्या वाटीसाठी हात लांबवला. चाकांच्या फळीवर उताणी पडलेली त्याची बायको, डोक्याला रुमाल बांधलेली, त्याचाच जुना शर्ट घातलेली, फक्त गुडघ्यांपासून खाली दिसत होती. त्याने वाटी मुठीत मिटली आणि दुसऱ्या हाताने डब्यातली नवी काढून तिच्या लांबलेल्या तळव्यावर ठेवली. चांगली वाटी खिशात गेली. चांगल्या गोष्टीला वाईट म्हणायचं आणि खिशात घालायचं, हेच या महिन्याभरात आपण करत आलो, हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही सकाळपासून त्याचा आवाज एकदाही चाचरला नव्हता, याचं त्याला नवल वाटत होतं.

त्यांची जुनी रॅम्बलर गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचलून उभी होती, चाकं भिंतीला टेकवलेली. फिकट हिरवी, लग्नाच्या वर्षी घेतलेली. तळ्याकाठच्या ज्या कारखान्यात क्लेमेन्स दारं बसवायचा तिथूनच बाहेर पडलेली, आणि हिची डावी दारं मीच बसवली असं तो पाहुण्यांना सांगायचा, ते खरं होतं की नाही हे आता त्यालाही नक्की आठवत नव्हतं. कारखाना गेला, त्या जागी घरं आली, बोटींचा धक्का आला. पण दर जूनमध्ये एका शनिवारी गावात उरलेल्या रॅम्बलरा एका ओळीत, पायी चालल्यासारख्या हळू, त्या जागेवरून जातात. ज्यांनी त्या बनवल्या तीच माणसं चालवतात, जितकी उरलीत तितकी. उद्या तो शनिवार. मागच्या सीटवर नोरा बसणार, त्यांच्या लेकीची, टेरेसाची, मुलगी, सात वर्षांची, खिडकीतून राणीसारखा हात हलवणार. त्यासाठी ब्रेक हवेत. ब्रेकमधली हवा आज निघाली पाहिजे.

आणि ती निघत नव्हती.

सकाळी त्यांनी सुरुवात केली ती रीतीप्रमाणे सर्वांत लांबच्या चाकापासून, मागच्या उजव्यापासून. एकाने आत बसून पेडल मारायचं, दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली पडून सिलिंडरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, की नळीतून बाटलीत तेल येतं आणि तेलाबरोबर बुडबुडे. मग स्क्रू आवळायचा आणि वरच्याला सांगायचं, उचल. दाब, धर, उचल. तीन शब्दांचं काम. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने तिला ते शिकवलं होतं — खालचा सांगतो, वरचा करतो. वरच्याने आधी करायचं, मग बोलायचं — आणि मग इतकी वर्षं तो खाली आणि ती वर, कधी मांडीवर विणकाम, कधी पोटात टेरेसा, कधी टेरेसा मांडीवर, आणि तिचा तो एका पट्टीतला आवाज, धरलंय... धरलंय... पाव भाजला गेलाय असं सांगावं तसा. त्या आवाजावर त्याने डोळे मिटून स्क्रू सोडले होते. या वर्षी जागा बदलल्या. गुडघ्यामुळे, असं त्याने सांगितलं. गुडघ्याचं खोटं नव्हतं, जमिनीवर पडलं तर उठवायला शेजारी बोलवावे लागले असते. पण गुडघा हे कारण आहे, सगळं कारण नाही... सगळं कारण गुडघ्याच्या खाली आहे, जिथे घोट्यापासून पुढे माझा पाय संपतो आणि बूट तेवढा उरतो.

म्हणजे दिसायला पाय आहे. बोटं आहेत, नखं ॲडेला कापून देते. पण साखरेने हळूहळू, आधी झिणझिण्या, मग लोकरीचा मोजा घातल्यासारखं, मग मोजा काढला तरी मोजाच. हिवाळ्यात एकदा बुटात खिळा शिरला होता तो त्याला रात्री रक्त बघून कळला.

तर सकाळी: दाब, आणि त्याने दाबलं. पेडल मारताना त्याची जुनी स्प्रिंग कुरकुरते, त्यामुळे मारतोय हे कानाला कळतं. पण धरून ठेवलेलं पेडल बोलत नाही. ते गप्प असतं, आणि पायही गप्प, आणि स्टिअरिंगखाली अंधार, मध्ये पोट. "धर," ती म्हणाली. "धरलंय," तो म्हणाला. वर्षानुवर्षं ऐकलेल्या तिच्याच पट्टीत म्हणाला. खाली स्क्रू सैल झाल्याचा बारीक आवाज, मग ॲडेला म्हणाली,

"क्लेम, तेल नळीतून परत वर चढतंय."

त्याला लगेच कळलं. बाटलीतलं तेल नळीतून वर ओढलं जातं ते एकाच कारणाने, वरच्याने पाय उचललाय म्हणून, आणि हवा आत जाते, आणि सगळं पहिल्यापासून. एकदाच, फार पूर्वी, असं झालं होतं, तान्ही टेरेसा सीटवरून घरंगळत होती आणि ॲडेलाने तिला धरायला पाय उचलला होता, आणि तो खालून ओरडला होता... काय काय बोललो होतो मी... तेल परत चढलं की समजायचं वरचा झोपलाय, असं काहीतरी, आणि मग संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोललो नव्हतो. ते हिला आठवत असेल? नसावं. इतकं जुनं कोण लक्षात ठेवतं. त्याला मात्र आठवत होतं, आणि ते आठवत असतानाच तो म्हणाला होता,

"स्क्रूच्या आट्यातून हवा ओढतंय. आतली वाटी गेली असणार. खोलावं लागेल परत."

आणि ती पाना घेऊन खोलायला लागली होती.

"कुणी जिवंत आहे का इथं?"

गॅरेजच्या दारात हॉवी उभा राहिला. दोन घरं सोडून राहणारा, कारखान्यात त्याच्याच ओळीत पंचवीस वर्षं काढलेला, हातात कॉफीचा थर्मास, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर कुणाचं तरी काम अडलेलं बघायला मिळाल्याचा आनंद.

"अरे, हे काय? बाई खाली आणि बाप्या वर? काय म्हणतील गल्लीतले?"

"गल्लीतले म्हणून तूच एक आहेस," ॲडेला खालून म्हणाली. "आणि तू सांगितल्याशिवाय राहणार नाहीस."

"नाहीच राहणार. संध्याकाळी सगळ्यांबरोबर शुक्रवारचे मासे खाताना पहिलं हेच." त्याने वाकून तिच्याकडे पाहिलं. "जमतंय का, ॲडेला? की हा म्हातारा नुसता वरून हुकूम सोडतोय?"

"हुकूम मी सोडतेय. तो ऐकतोय. लग्नानंतर पहिल्यांदा."

हॉवी हसला, क्लेमेन्सही हसला, आणि हसताना त्याला वाटलं की हे असंच चालू राहावं, हॉवीने इथेच उभं राहावं, दुपार व्हावी, संध्याकाळ व्हावी, कोळशासारखे तळलेले मासे आणि राय धान्याचा पाव खायला सगळ्यांनी उठून जावं, आणि हवा राहून जावी.

"अडलं कुठं पण?" हॉवीने विचारलं.

"मागच्या उजव्यात हवा राहतेय."

"दोन माणसांचा खटाटोप कशाला करता रे. माझ्या जावयाकडे हातपंप आहे. स्क्रूला लावायचा, हवा ओढून घ्यायची. पेडलवर कुणी बसायला नको, काही नको. आणू?"

क्लेमेन्स स्टुलावर एकदम पुढे सरकला. पेडलवर कुणी बसायला नको! हे त्याला कसं सुचलं नाही... आण, हॉवी, आत्ता आण, धावत जा... पण हे तो म्हणणार कसा, जन्मभर ज्याने अशा पंपांना नावं ठेवली, लहान मुलांची खेळणी म्हटलं. त्याने ॲडेलाच्या पायांकडे पाहिलं. ती म्हणेल. ती दमलीय, तिचे खांदे भरून आले असतील, ती म्हणेल हो.

"नको रे," ॲडेला म्हणाली. "आम्हा दोघांना सवय आहे. इतकी वर्षं पंप लागला नाही, आता कशाला?"

तिच्या आवाजात गर्व होता. थोडासाच, पण होता, आणि तो ऐकून क्लेमेन्सला इतकं वाईट वाटलं की त्याने हॉवीच्या हातातला थर्मास घेतला आणि झाकण उघडून उगाच वास घेतला.

"मग मी बसतो वर," हॉवी म्हणाला. "क्लेम, ऊठ. तू जरा पाय मोकळे कर."

"माझ्या गाडीचं पेडल माझा पाय ओळखतं," क्लेमेन्स म्हणाला, "तुझा पाय लागला तर रुसेल ते," आणि हे इतकं पटकन, इतकं मोकळं आलं की हॉवीने दोन्ही हात वर केले आणि बरं बाबा म्हणत तो निघून गेला. कॉफी ठेवून गेला. माझ्या गाडीचं पेडल माझा पाय ओळखतं. बोलायला आपण कधीच कमी पडलो नाही.

डॉक्टरकडेही कमी पडला नव्हता. फेब्रुवारीत त्या तरुण डॉक्टरीणबाईने त्याला डोळे मिटायला सांगितलं होतं आणि ती नायलॉनचा एक जाडसर धागा तळपायाला टेकवत होती, जाणवलं की हो म्हणा. तो पडून होता. काहीच जाणवत नव्हतं, पण तिच्या बोलण्यात, श्वासात, खुर्चीच्या हलण्यात एक ताल होता, आणि तो तालावर हो म्हणत गेला. हो... हो... हो. मग ती थांबली. म्हणाली, शेवटच्या दोन वेळा मी धागा लावलाच नव्हता. रागावून नाही म्हणाली, हळू म्हणाली, ते जास्त वाईट. आणि मग म्हणाली, गाडी चालवणं थांबवायला हवं. घरी सांगाल ना? सांगतो, तो म्हणाला. घरी येऊन सांगितलं की गोड सोडायला सांगितलंय, आणि ॲडेलाने त्याच दिवशी कपाटातला केक हॉवीकडे पाठवून दिला.

सांगायचं होतं. तो वाईट माणूस नव्हता, निदान त्याचा स्वतःचा तसा समज होता. पण गाडी चालवणं थांबवायचं म्हणजे काय थांबवायचं हे त्या पोरीला कुठून कळणार. कारखाना थांबला, युनियनच्या सभा थांबल्या, शिकारीला जाणं थांबलं, मित्र एकेक करून थांबले. दुपारी तीनला शाळेसमोर रॅम्बलर उभी करायची आणि नोराने पोरांच्या घोळक्यातून ती हिरवी गाडी ओळखून धावत सुटायचं, एवढं एक उरलं होतं. ते कुणी स्वतःहून हातातून टाकतं का?

नवी वाटी बसली. ॲडेला बाहेर सरकली, गॅरेजच्या खांबाला धरून उठली, आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघांना सॉसेज घातलेला पाव घेऊन आली. ते तिथेच, एक जण स्टुलावर आणि एक जण उलट्या बादलीवर बसून जेवले. तिच्या गालावर तेलाचा काळा पट्टा होता. त्याने तो पुसायला हात पुढे केला, तर ती म्हणाली राहू दे, अजून लागायचाच आहे.

"टेरेसाचा फोन होता," ती म्हणाली. "नोरा विचारतेय, उद्या पुढे बसू का म्हणून. मागून दिसत नाही म्हणते."

"काय सांगितलंस?"

"आजोबांना विचारून सांगते म्हटलं."

तो पाव चावत राहिला. पुढे. पुढे म्हणजे माझ्या शेजारी, काचेच्या जवळ, आणि जुन्या गाडीला धरायला पट्ट्यासुद्धा कंबरेपुरत्याच... आणि मग ते आलंच, जे दिवसभर तो दाराबाहेर उभं करून होता, ते पावाच्या घासाबरोबर आत आलं. एप्रिलमधला तो चौक. शाळेहून घरी येताना, स्वच्छ ऊन, थांबा अशी लाल पाटी, आणि त्याने पाय ब्रेकवर ठेवला... पाय ब्रेकवर होता, होता असं मला वाटलं, अजूनही शपथेवर विचारलं तर होताच म्हणेन... आणि गाडी थांबली नाही, काही घाई नसल्यासारखी पाटी ओलांडून चौकाच्या मधोमध गेली, आणि पावाच्या बेकरीचा ट्रक अगदी जवळ येऊन किंचाळत थांबला, इतका जवळ की ड्रायव्हरच्या मिशीचे केस दिसले. मग शांत. मागून नोरा म्हणाली, "आजोबा, थांबायचं राहिलं." आणि तो म्हणाला, "ब्रेक गेले गं, बाळा." किती सहज. जिभेवर आधीच ठेवलेलं असावं तसं. घरी येऊन तेच ॲडेलाला म्हटलं — चौकाचं नाही, ट्रकचं नाही, नुसतं ब्रेक गेलेत — आणि एकदा तसं म्हटल्यावर ब्रेक गेलेलेच असायला हवे होते.

मे महिन्यात गाडी घोड्यांवर घेतली, ड्रम काढले. लायनर जाड. सिलिंडर कोरडे, कुठे थेंबभर गळती नाही. त्याने प्रत्येक चाक आशेने उघडलं, यात तरी काही सापडेल, काहीतरी तुटलेलं, झिजलेलं, फाटलेलं, आणि चारही चाकं त्याला ब्रेक चांगले असल्याचं एकामागून एक सांगत गेली. जुने लायनर खोक्यात टाकताना ॲडेलाने एक हातात घेऊन उलटसुलट केला होता. "हे तर नव्यासारखेच दिसतात रे," ती म्हणाली होती. "दिसतात," तो म्हणाला होता. आणि मग सगळं नवं आणलं, नवे लायनर, नव्या वाट्या, नव्या नळ्या, सिलिंडर आतून घासून आरशासारखे केले, संध्याकाळी संध्याकाळी तिला दिव्याखाली बसवून एकेक भाग दाखवला, आणि ते दिवस खरं तर फार चांगले गेले. तिला कधी एवढं शिकवलं नव्हतं त्याने. खोट्याच्या पोटी असे चांगले दिवस निघावेत, याला काय म्हणायचं.

"मागेच बसू दे तिला," तो म्हणाला.

"बरं," ॲडेला म्हणाली, आणि ताटल्या उचलून घेऊन गेली.

दुपारी त्याने युक्ती काढली. पेडल मारून झालं की दोन्ही हात उजव्या गुडघ्यावर ठेवायचे आणि कोपरं ताठ करून सगळं वजन त्यावर टाकायचं, म्हणजे पायाला कळो न कळो, गुडघा खाली जातो की नाही हे हातांना कळतं. मान वाकडी केली तर पँटची शिवणही दिसत होती. शिवण खाली असली की पाय खाली. दाब. धर. धरलंय. स्क्रू सैल झाला आणि गुडघा हातांखाली हळूहळू बुडाला, पेडल बुडतं तसा, आणि खालून ॲडेलाचा आवाज आला, "बुडबुडे आले. पुष्कळ आले." तो घामाघूम झाला होता. आवळलं. उचल. पुन्हा. पुन्हा. आणि बाटलीत नुसतं पिवळं स्वच्छ तेल यायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "निघाली रे हवा," आणि त्याला चक्क आनंद झाला, खरा, स्वच्छ, काम झाल्याचा आनंद, जणू यात दुसरं काही नव्हतंच.

मग मागचं डावं. मग पुढचं उजवं. प्रत्येक वेळी ती फळीवरून सरकत जवळ येत होती, गाडीला वळसा घालून, लांबच्या चाकाकडून जवळच्या चाकाकडे, तीच रीत आहे, आणि शेवटचं चाक पुढचं डावं असतं हे त्याला माहीत होतं, जन्मभर माहीत होतं, पण ते चाक त्याच्या दाराला अगदी लागून आहे आणि दार उघडं आहे हे त्याला ती तिथे येऊन पडेपर्यंत सुचलं नाही. तिचं डोकं त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर होतं.

"दार ओढून घेऊ का?" तो म्हणाला. "तुला वाऱ्याचा त्रास."

"राहू दे. उजेड येतो."

तळ्यावरून वारा येत होताच. तिचा रुमाल हलत होता. आता गुडघ्यावर हात ठेवले तर ती विचारेल हे काय. त्याने हात स्टिअरिंगवर ठेवले, तरुण माणसासारखे, दोन्ही बाजूंना.

"दाब."

स्प्रिंग कुरकुरली. कुरकुरली. कुरकुरली.

"धर."

त्याने पाय खाली रेटला, होता नव्हता तेवढा जोर मांडीतून खाली पाठवला, तो खाली कुठे जाऊन पोचला ते त्याला कळलं नाही, आणि तो म्हणाला, "धरलंय."

पान्याचा आवाज आला नाही.

तो वाट बघत राहिला. काचेतून समोरची भिंत दिसत होती, भिंतीवरचे पाने लहान-मोठे लावलेले, एकाची जागा रिकामी, तो तिच्या हातात होता. गल्लीत कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. अजून आवाज नाही. "धरलंय गं," तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज त्यालाच परक्या माणसाचा वाटला.

"थोडा डावीकडे," ॲडेला म्हणाली.

तिच्या आवाजात काही नव्हतं. आश्चर्य नव्हतं, हेच. मीठ जरा पुढे सरकव म्हणावं तसं ती म्हणाली होती, थोडा डावीकडे, आणि त्याने पाय डावीकडे नेला.

"अजून. अजून थोडा. हं... आता वर चढव. आता दाब."

त्याने दाबलं.

"असाच राहू दे."

स्क्रू सैल झाला. बुडबुडे आले असावेत, तिने सांगितलं नाही. आवळला. "उचल." मग पुन्हा, "डावीकडे. हं. दाब," आणि तो दाबत गेला, ती म्हणेल तिकडे पाय नेत गेला, तिचे डोळे आणि त्याची मांडी मिळून एक पाय झाला, आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत विचार करत होता की ही कधीपासून... आत्ताच दिसलं म्हणून, की सकाळी तेल चढलं तेव्हापासून, की खोक्यातला लायनर उलटसुलट केला तेव्हापासून? मग ती चांगली वाटी काढायला ही खाली का पडली? दुखऱ्या खांद्यांनी सबंध सिलिंडर खोलून मला माझं खोटं हातात आणून का दिलं? हातपंपाला नको का म्हणाली? त्याला आठवलं, नको म्हणताना तिच्या आवाजात गर्व होता असं त्याला वाटलं होतं. ती कदाचित वाट बघत होती. दिवसभर, खाली पडून, आपण होऊन त्याने म्हणावं याची.

शरमेने त्याचे कान गरम झाले. आणि शरमेच्या खाली दुःख होतं, साधं, जुनं, इतक्या दिवसांचं साचलेलं, की माझ्या पायाचं दुःख मी एकट्यानेच करत बसलो आणि ती शेजारच्या उशीवर झोपून तेच करत होती.

"झालं," ती म्हणाली. पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज. मग ती बाजूला सरकली, दाराच्या चौकटीला धरून बसती झाली, आणि खालून वर त्याच्याकडे बघत तिने तो प्रश्न विचारला जो काम संपल्यावर खालचा वरच्याला विचारतो, दर वेळी, आणि ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय चाकं लावायची नसतात.

"पेडल घट्ट लागतंय का?"

हो तयार होतं. ते नेहमीच तयार असायचं. त्याने तोंड उघडलं, ॲडेलाच्या गालावरचा काळा पट्टा बघितला, आणि म्हणाला,

"मला कळत नाही."

ती चौकटीला धरून उठली. मग शर्टाला हात पुसले.

"सरक," ती म्हणाली.

रॅम्बलरचं पुढचं सीट एकसलग आहे, बाकासारखं. तो हातांवर भार देत सरकत उजव्या दाराशी गेला, आणि ती त्याच्या जागी बसली. या बाजूने त्याने ही गाडी कधी पाहिलीच नव्हती. ॲडेलाने पाय पेडलवर ठेवला, एकदा दाबलं, दोनदा दाबलं, मग दाबून धरलं.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "छान झालंय काम. कुठेच लुसलुशीत नाही."

"चांगलं केलंस तू."

"दोघांनी केलं."

ती समोर बघत होती. पाय पेडलवरून काढला नव्हता. नडगीची शीर ताणलेली दिसत होती.

"क्लेम," ती म्हणाली, "एप्रिलमध्ये नोरा पुढे बसली होती की मागे?"

गवत कापायचं यंत्र बंद पडलं. त्याने उत्तर शोधलं नाही, ते शोधायला लागलंच नाही.

"मागे," तो म्हणाला. "ट्रक होता. बेकरीचा. इतका जवळ आला होता."

हात किती अंतरावर धरून दाखवावा ते त्याला समजेना, म्हणून तो हात हवेतच राहिला. आणि तेव्हा, त्या सबंध महिन्यांत पहिल्यांदाच, त्याला भीती वाटली. एप्रिलमध्ये वाटली नव्हती, तेव्हा लगेच ब्रेक गेले होते, आणि ब्रेक गेलेल्या माणसाला भ्यायचं कारण नसतं. ती आता आली, सगळी एकदम, किंचाळणारी चाकं, मिशीचे केस, मागच्या सीटवरचा तो बारीक आवाज. गॅरेजची भिंत सरळ अंगावर येतेय असं त्याला वाटलं, आणि घोड्यांवर उभ्या असलेल्या, चाकं नसलेल्या त्या गाडीत क्लेमेन्सने दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड घट्ट धरला.